दहावीची बॅच तीस-पस्तीस वर्षांनी एकत्र आणायची आहे? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची बॅच १९८९ची. नागपूर बोर्ड, मराठी माध्यम, अ-ब-क अशा तीन तुकड्या. २०१९च्या डिसेंबरात आम्ही तीस वर्षांनी भेटलो आणि २०२४च्या डिसेंबरात पुन्हा. दोन्ही वेळा फोनाफोनीचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे आणि "तुले काय काम आहे आता" यावर सगळ्यांचं एकमत आहे. तेव्हापासून मागच्यापुढच्या बॅचचे लोक फोन करून तेच ते विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते. आमची पहिली भेट फसली होती. फोटो पाहून कळत नाही, पण फसली होती. बरीचशी उत्तरं तिथून आलेली आहेत.

बॅचमध्ये कोणाकोणाला धरायचं?

पाचवी ते दहावी ज्यानं आपल्यासोबत डबा खाल्ला तो आपल्या बॅचचा. मार्चला नापास होऊन ऑक्टोबरला बसलेला, आठवीतून शाळा सोडून वडिलांच्या पंक्चरच्या दुकानात बसायला लागलेला, वडिलांची बदली झाली म्हणून नववीत भुसावळला गेलेली अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधली मुलगी, सगळे. पहिल्या वेळी आम्ही "दहावी पास ८९" अशी यादी केली होती. तेव्हा निकाल पेपरात छापून यायचा, नुसते बैठक क्रमांक. त्या दिवशी ज्यांचा नंबर पेपरात सापडला नाही, ते तीस वर्षांनी आमच्या यादीतही नव्हते. आणि यादी करणाऱ्या सातही जणांपैकी एकाच्याही हे लक्षात आलं नाही.

इतक्या वर्षांनी माणसं शोधायची कशी?

दहावीचा ग्रुप फोटो मिळवा. खाली नावं छापलेली असतील तर नशीब. नसतील तर मोठी प्रिंट काढून प्रत्येक डोक्यावर आकडा टाका आणि "२३ नंबर कोण?" विचारत सुटा. नाव आठवत नाही, चेहरा आठवतो. "अबे, हा तर आमच्या गल्लीतला" म्हणणारा कोणीतरी निघतोच.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पूर्ण नाव, जन्मतारीख, दाखला कधी नेला अशी नोंद असते. ते रजिस्टर शाळा तुमच्या हातात देणार नाही, देऊही नये. आम्ही मुख्याध्यापकांना अर्ज केला, त्यांनी क्लार्कला शेजारी बसवून नुसती नावं वाचून घेऊ दिली. तेवढं पुरतं.

फेसबुकवर शोधताना इंग्रजी स्पेलिंग बदलून पाहा. वानखेडे, वासनिक, वैद्य कोणी डब्ल्यूनं लिहितं, कोणी व्हीनं. देशमुख शोधायला जाल तर पुरात सापडाल, तिथे वडिलांचं नाव लागतं.

आणि मोबाइल थकला की जुन्या वस्तीत पायी जा. महालात आमच्या एका मित्राचं घर पाडून तिथे चार मजले उभे राहिलेत, वरच्या भाडेकरूंपैकी कोणालाच काही माहीत नव्हतं. समोर पिठाची गिरणी मात्र अजून आहे. गिरणीवाल्या काकांनी पट्ट्यावरची नजर न काढता सांगितलं, "तो ना? हिंगण्याले राह्यते आता. पोराचं लगन झालं मागच्या साली. मले पत्रिका आली होती." माझ्या केसांवर पीठ, हातात पत्ता. चार महिने आम्ही त्याला लिंक्डइनवर शोधत होतो!

मुली सापडतच नाहीत. काय करायचं?

शाळेच्या कागदावर माहेरचं नाव, मोबाइलवर सासरचं, आणि काही जणींचं तर पहिलं नावही लग्नात बदललेलं. रस्ता भावाकडून जातो, त्याचं आडनाव बदलत नाही. पण भावाकडे तिचा नंबर मागू नका. आपला द्या आणि "ताईला वाटलं तर तिनं फोन करावा" एवढंच सांगा.

पुढचा फोन बाईनंच करावा. २०१९ला आमच्यातल्या एका उत्साही प्राण्यानं कुठून तरी लँडलाइन नंबर मिळवून एकीच्या सासरी थेट फोन लावला आणि सासूबाईंना म्हणाला, "मी तिचा शाळेतला मित्र बोलतोय." ती आली नाही. पाच वर्षांनी मी तिच्या घरी गेले, चहा प्यायले, आणि सासूबाईंनाच म्हटलं, तुम्हीपण चला. दोघी आल्या. अंताक्षरी सासूबाईंनी जिंकली.

तारीख कोणती धरावी?

आधी टाळायच्या तारखा. मे महिन्याचं नाव काढू नका. पारा ४५च्या पुढे जातो, पुण्याहून आलेली मंडळी भर दुपारी "जरा फुटाळ्यावर जाऊन येतो" म्हणून निघतात आणि संध्याकाळी त्यांना सलाईन लावावं लागतं. पोळ्याच्या पाडव्याला इतवारीतले लोक मारबतीची मिरवणूक सोडून येत नाहीत. दसरा तर नाहीच. १९५६ साली बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली, तेव्हापासून त्या दिवसांत दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि आमच्या बॅचमधले कितीतरी जण तिथे पाणी-जेवण वाटायच्या सेवेत असतात. पहिल्या वेळी एकानं "दसऱ्याला सुट्टी असतेच" म्हणून तोच दिवस सुचवला होता. कोणाला सुट्टी असते आणि कोणाला नसते, हे त्या दिवशी ग्रुपवर कळलं.

डिसेंबरात विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचे दिवसही नकोत.  सिव्हिल लाइन्समध्ये बॅरिकेड, रस्त्यावर मोर्चे, आणि हॉटेलांत खोल्या मिळत नाहीत.

आम्ही २५ ते ३१ डिसेंबर धरतो. परदेशातले तेव्हाच येतात, बऱ्याच शाळांना नाताळची सुट्टी असते आणि साधारण १६ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत खरमास म्हणून इकडे बऱ्याच घरांत लग्नं होत नाहीत, त्यामुळे हॉल रिकामे आणि भावात घासाघीस जमते. बाजारात आंबिया बहाराची संत्री असतात, त्यामुळे परत जाणाऱ्यांच्या हातात पिशवी देण्याचा प्रश्न मिटतो. तिकिटांचं मात्र बघा. रेल्वेचं आरक्षण आता १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे दिवाळीच्या आसपास गजर लावून बसायचं. समृद्धी महामार्ग जून २०२५पासून पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू झाला आहे आणि मुंबईकरांना गाडी चालवत यायचा मोह होतो. यावं, पण एकट्यानं रात्रभर चालवत नको. सरळ रस्त्यावर डुलकी लागते आणि आपण आता बावन्न वर्षांचे आहोत.

जागा कोणती?

शाळाच. बाकांमध्ये गुडघे अडकतात, पंखे आवाज करतात, तरी शाळाच. खासगी अनुदानित शाळा असेल तर परवानगी मुख्याध्यापक नाही, संस्था देते, त्यामुळे अर्ज दोन महिने आधी द्या आणि पोच घ्या. पहिल्या वेळी आम्ही हॉल घेतला होता. त्या लोकांनी तोच हॉल संध्याकाळी सहापासून एका रिसेप्शनला दिला होता, हे आम्हाला साडेचारला कळलं, जेव्हा फुलवाले आत येऊन आमच्या बॅनरवर झेंडूच्या माळा लावायला लागले. ॲडव्हान्सची पावती घेताना वेळ "पासून-पर्यंत" लिहून घ्या.

ओळख-कार्यक्रम कसा करायचा?

करूच नका. २०१९च्या भेटीचा घात त्यानंच केला. प्रत्येकानं माइकवर यायचं, "मी सध्या काय करतो" ते दोन मिनिटांत सांगायचं. पहिला बोलला तो ह्यूस्टनचा. मग पुण्याचे आयटीवाले, एक चीफ इंजिनिअर, दोन डॉक्टर. प्रत्येकाची दोन मिनिटं आठ मिनिटांची. अठराव्या माणसानंतर मागच्या रांगेतले तिघं खर्रा (सुपारी-तंबाखू) घोटायला म्हणून बाहेर गेले, ते परत आलेच नाहीत. मला ते निघताना दिसले होते, मला वाटलं येतील.

दुसऱ्या वेळी माइक भाड्यानं घेतलाच नाही. दारात कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या आणि एकच विचारलं, "तुमच्या शेजारी बाकावर कोण बसायचं?" नाव लिहायचं आणि पोह्यांची प्लेट घेऊन त्याच माणसाला शोधायचं. ह्यूस्टनवाला आणि सक्करदऱ्यात ऑटो चालवणारा सातवीपासून एका बाकावर होते. दीड तास दोघं बोलत होते. मी दोनदा जवळून गेले, दोन्ही वेळा विषय गुडघेदुखी.

एखाद्यानं यायला साफ नकार दिला तर?

"वेळ नाही" हा नकार नव्हे, दोन आठवड्यांनी पुन्हा फोन करा. "पाहतो" म्हणणाऱ्याची अडचण बहुधा पैशाची असते, त्याबद्दल खाली लिहिलं आहे. खरा नकार वेगळा असतो, तो लगेच ओळखू येतो.

२०२४च्या ऑगस्टमध्ये मी एकाला फोन लावला. चटकन ओळख पटावी म्हणून त्याला शाळेतल्या टोपणनावानं हाक मारली. तिकडून काहीच नाही. मग म्हणाला, "ते नाव विसराले मले वीस वर्षं लागले. तू एका मिनटात वापस आणलं." त्याच्या रंगावरून पडलेलं नाव होतं. ठेवलं दुसऱ्यांनी, पण हसणाऱ्यांत मी पहिल्या बाकावर होते. मी माफी मागितली. फोनवर मागितलेली माफी फार केविलवाणी वाटते, माझी मलाच वाटली. तो आला नाही. त्याला पुन्हा फोन केला नाही, कारण आपलं ओझं हलकं करायला त्याला दुसऱ्यांदा त्रास देणं बरोबर नव्हतं. त्यानंतर आमच्या फोन करणाऱ्या टीमचा नियम आहे: समोरचा स्वतः सांगेपर्यंत टोपणनाव नाही, पूर्ण नाव आणि "तुम्ही". तो म्हणेल "अबे तुम्ही काय म्हणून राहिली", तेव्हा "तू".

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिते. आमच्या वर्गात फॉर्म भरायच्या दिवशी "स्कॉलरशिपवाले उभे राहा" असं पुकारलं जायचं. कोणत्या मुलांना ती सरकारी शिष्यवृत्ती मिळते हे वर्गाला ठाऊक होतं. मला हा प्रसंग आठवतही नव्हता. दुसऱ्या भेटीत जेवणानंतर बेसिनपाशी हात धुताना आमच्यातल्या एका डॉक्टर मैत्रिणीनं सांगितला, अगदी सहज, नळ सुरू ठेवून: "दर वर्षी जुलैमध्ये माझं पोट दुखायचं, आठवते तुले?" पोट दुखायचं हे मला आठवत होतं. मी तिच्या आईला निरोप द्यायला जायची. आता कोणी "काय सोन्यासारखे दिवस होते" म्हणायला लागलं की माझं लक्ष बेसिनकडे जातं.

तेव्हा, नकार आला तर घ्यावा. कारण विचारू नये. निरोप चालू ठेवावा, आग्रह नाही.

वर्गणी किती आणि हिशोब कसा?

सगळ्यांना सारखी, आणि इतकी कमी की ऑटोवाल्याला खिशात हात घालताना विचार करावा लागू नये. उरलेला खर्च ज्यांना जमतं ते उचलतात, पण त्यांची यादी ग्रुपवर टाकायची नाही. आम्ही पहिल्या वेळी "प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर" अशा देणगीदारांच्या पाट्या लावल्या होत्या. आठवलं की अजून कानशिलं तापतात. पैसे एकाच्या यूपीआयवर गोळा करू नका, दोघांच्या सहीचं संयुक्त खातं उघडा. बँकेत इतकी वर्षं काढून सांगते, मैत्री तुटते ती लबाडीनं कमी आणि न दिलेल्या हिशोबानं जास्त.

शाळेला देणगी द्यायची आहे. काही नियम?

आधी शाळेला विचारा काय हवं ते. आम्ही वॉटर कूलर देणार होतो. त्यांच्याकडे तीन होते, तिन्ही मागच्या बॅचचे. त्यांना हवं होतं मुलींच्या स्वच्छतागृहाला दार.

देणगी चेकनं किंवा ऑनलाइन द्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, आणि सवलत तशीही जुनी करपद्धती निवडणाऱ्यालाच. परदेशातल्या मित्रांचं वेगळं आहे. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी भारतीय सरळ देऊ शकतो. पण ज्यानं अमेरिकेचं किंवा दुसऱ्या कुठलं नागरिकत्व घेतलं आहे, मग त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी, त्याचा पैसा कायद्यानं परदेशी स्रोत ठरतो. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला तो घेता येत नाही. मित्राच्या उत्साहापायी शाळेला नोटीस यायला नको.

शिक्षकांना बोलवायचं तर काय काळजी घ्यावी?

घरून आणायला गाडी, सोबत एक माणूस, पायऱ्या नकोत, हाताच्या खुर्च्या, जवळ बाथरूम, आणि तासाभरात सुटका. भाषणाचा आग्रह नको.

शाल-श्रीफळाचं आम्ही मराठीच्या बाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "घरी चौदा शाली आहेत. नागपुरात कधी घालू?" मग काय हवं बाई? तर म्हणाल्या, नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला जावं लागतं, अंगठा उमटत नाही म्हणून मशीन घेत नाही, मुलगा बंगळुरूला. पेन्शनरांचं हे दुखणं काउंटरच्या आतून मी वर्षानुवर्षं पाहिलेलं, बाहेरून पहिल्यांदा ऐकलं. तेव्हापासून दर नोव्हेंबरात आमच्यातलं कोणीतरी बाईंना घेऊन जातं. अंगठा घेत नसेल तर चेहरा दाखवूनही मोबाइलवर दाखला निघतो. मागच्या वेळी चेहराही घेईना, तर बाई मोबाइलला म्हणाल्या, "नीट बघ जरा."

जेवणाचं काय ठरवावं?

सकाळी तर्री पोहे. यावर चर्चा नको. दुपारी सावजी की शाकाहारी, यावर ग्रुपवर ११ दिवस भांडण झालं, शेवटी पोपट झाला तो असा की निम्म्यांना डॉक्टरनी तिखट बंद केलेलं आणि उरलेल्यांना मटण. वडाभात, पाटवडीचा रस्सा, वांग्याचं भरीत, कढी आणि सांबारवडी एवढं पुरे झालं. (पुणेकरांसाठी: आमचा सांबार म्हणजे कोथिंबीर. दरवेळी सांगावं लागतं.) गुपचुपचा (म्हणजे पाणीपुरीचा) ठेला शाळेच्या गेटबाहेर उभा करा. बायका तिथेच सापडतात, आणि अर्ध्या गोष्टी तिथेच होतात.

व्हॉट्सॲप ग्रुप शांत कसा ठेवायचा?

राहत नाही. दोन ग्रुप करा. एकात फक्त ॲडमिन लिहितात: तारीख, पैसे, निरोप. दुसऱ्यात काय घालायचा तो गोंधळ. राजकारण बंद ठेवलं तर धर्म सुरू होतो, तोही बंद केला तर मिहानजवळचे प्लॉट विकणारा जागा होतो. आम्ही त्याला रविवार दिला आहे. विचारल्याशिवाय कोणालाही ग्रुपमध्ये टाकू नका आणि कोणाचेही फोटो बाहेर पाठवू नका.

नवरा-बायकोला आणायचं का? आणि शाळेतली "ती" येणार असेल तर?

पहिल्या वेळी आणू नका, बिचारे कंटाळतात. आणि "ती" आलीच तर तिला नातवंडाचा व्हिडिओ दाखवायचा असेल, शांतपणे पाहा.

जे आता नाहीत त्यांची आठवण कशी ठेवायची?

आमचे दोघं २०२१च्या एप्रिलमध्ये गेले, आठ दिवसांच्या अंतरानं. त्या महिन्यात ग्रुपवर दुसरं काही नव्हतं, बेड आणि सिलिंडर. रात्री तीनला निरोप टाकला तरी कोणीतरी जागं असायचं. पहिल्या भेटीत माइक सोडून बाहेर गेलेल्या तिघांपैकी एकानं त्या दिवसांत आपल्या टेम्पोतून सिलिंडर पोचवले. तोवर त्याचा नंबरही माझ्याकडे नव्हता, त्यानं स्वतः फोन केला होता.

हार घातलेले फोटो आम्ही लावले नाहीत. एकाच्या आईला बोलवायचं का, यावर खूप घोळ घातला, रडतील, त्रास होईल वगैरे. शेवटी टेम्पोवाला जाऊन घेऊनच आला. काकू ऐंशीच्या पुढच्या. खुर्चीत बसल्या, प्लेट मांडीवर घेतली आणि समोर येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, "तू कोण रे? तू आमच्या घरी कैऱ्या तोडाले यायचा तो का?" जवळजवळ सगळेच तो निघाले. रडलो ते आम्ही. काकू नाही. त्यांनी तर्री परत मागितली, आणि निघताना विचारलं की पुढच्या वेळी त्याचा बाक कोणता ते कोणी दाखवेल का. कोणाला खात्रीनं आठवेना. एकानं खिडकीपाशी म्हटलं, दुसऱ्यानं भिंतीपाशी. त्या दोन्ही बाकांवर बसून आल्या.

पुढची भेट कधी?

आमची? दर वर्षी २७ डिसेंबरला, शाळेच्या गेटवर, फक्त पोहे. निरोप पाठवत नाही, वर्गणी नाही. साडेआठला सुरू. तर्री संपली की दुसरी येत नाही, तेव्हा ह्यूस्टनवाल्यांनी जेट लॅगचं सांगू नये.